घर आवडलं, पण पॅनेल 'स्टॅब-लॉक' निघालं: जुन्या पॅनेलांपैकी कोणतं चालेल, कोणतं नाही

अमेरिकेत १९५० ते १९९० च्या दरम्यान बांधलेलं घर बघायला जाताय? मग स्वयंपाकघर बघून झालं की गॅरेजमध्ये किंवा तळघरात जा आणि विजेच्या पॅनेलचं दार उघडा. फक्त बिजागरीचं छोटं दार. त्यामागचा स्क्रूने आवळलेला पत्रा काढणं आपलं काम नाही. दारावर, आतल्या चिठ्ठीवर, ब्रेकरवर कोणाचं नाव आहे ते वाचा आणि फोटो काढून ठेवा. घर घ्यायचं की नाही हे त्या नावावरून ठरणार नाही, पण कोणत्या अटीवर घ्यायचं हे बऱ्याचदा ठरतं.

'पॅनेल जुनं आहे' असं म्हणून सगळ्यांना एकाच माळेत ओवलं जातं, ते मला पटत नाही. पॅनेलचं मुख्य काम म्हणजे तारेला झेपणार नाही इतका करंट वाहू लागला की तो तोडणं. काही फार जुन्या पेट्या हे काम आजही चोख करतात आणि त्यांच्यापेक्षा तरुण दिसणाऱ्या काही करत नाहीत. म्हणून वय विचारण्याआधी विचारायला हवं की ब्रेकर पडायची, म्हणजे आपोआप बंद होऊन करंट तोडायची, वेळ आली तर तो खरंच पडेल का. घर विकणारा सांगेल, 'चाळीस वर्षांत काही झालं नाही.' तो खरंही बोलत असेल. पण चाळीस वर्षांत त्या ब्रेकरवर पडायची वेळच आली नसेल, तर तो पडतो की नाही हे कोणालाच ठाऊक नसतं.

फेडरल पॅसिफिक आणि झिन्स्को

पॅनेल बनवणाऱ्यांची ही दोन नावं सर्वांत जास्त ऐकू येतात. दोन्ही धोकादायक आहेत, पण दोघांचा दोष वेगळा आहे.

फेडरल पॅसिफिक इलेक्ट्रिकचं पॅनेल ओळखायला सोपं. दारावर कंपनीचं नाव किंवा 'एफपीई' अशी अक्षरं असतात, आत 'स्टॅब-लॉक' असं लिहिलेलं असतं आणि बऱ्याच ब्रेकरांच्या खिट्टीवर आडवी लाल पट्टी दिसते. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत ही पॅनेल लाखो घरांत बसली. यांचा मुख्य आजार असा की ओव्हरलोड झाला तरी काही ब्रेकर पडतच नाहीत. कपड्यांचा ड्रायर किंवा वॉटर हीटरसाठी असतात त्या २४० व्होल्टच्या दुहेरी ब्रेकरांचा अनुभव विशेष वाईट आहे. आतली यंत्रणा एकदा अडकली की नंतर कितीही करंट वाहिला तरी ब्रेकर जागचा हलत नाही. बाहेरून मात्र सगळं व्यवस्थित दिसतं, दिवे लागतात, खिट्टी वरखाली होते.

या पॅनेलबद्दल एक अर्धसत्य नेहमी कानावर येतं, की सरकारने चौकशी केली आणि सोडून दिली. चौकशी झाली होती हे खरं. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचं काम बघणाऱ्या केंद्रीय आयोगाने ती १९८३ मध्ये थांबवली. पण ब्रेकर सुरक्षित आहेत असा निर्वाळा आयोगाने दिला नव्हता. हाती असलेल्या माहितीवरून गंभीर धोका सिद्ध होत नाही, आणि तो सिद्ध करण्याइतकी माहिती गोळा करायला काही दशलक्ष डॉलर लागतील, असं त्याचं म्हणणं होतं. आयोगाचं तेव्हाचं सगळं बजेटच ३४ दशलक्षांचं होतं. त्याआधी, १९७९ मध्ये ज्या कंपनीने हा व्यवसाय विकत घेतला, तिनेच १९८० मध्ये जाहीर केलं होतं की ब्रेकरांना मिळालेली यूएलची, म्हणजे विजेच्या वस्तूंची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता गैरमार्गाने मिळवलेली होती. पुढे न्यू जर्सीतल्या ग्राहकांच्या सामूहिक दाव्यातही न्यायालयाचा कौल फेडरल पॅसिफिकच्या विरुद्ध गेला. 'सरकारने सोडून दिलं' असं कोणी म्हणालं, तर हा सगळा इतिहास समोर ठेवा.

झिन्स्कोचं दुखणं बसबारवर, म्हणजे ज्या पट्टीला ब्रेकर चिकटतात तिथे आहे. पट्टी ॲल्युमिनियमची आणि ब्रेकरची पकड कमकुवत. पकड सैल झाली की तिथे ठिणग्या पडतात, उष्णता वाढते, धातू खराब होतो आणि पकड आणखी सैल होते. शेवटी ब्रेकर पट्टीला वितळून चिकटतो. काही वेळा खिट्टी बंद दाखवते आणि आतून वीज चालूच राहते. दुरुस्तीला हात घालणाऱ्यासाठी हे जिवावरचं आहे. ओळखण्याची खूण म्हणजे अरुंद ब्रेकर आणि लाल, निळ्या, हिरव्या रंगांच्या खिट्ट्या. १९७० च्या दशकात हा व्यवसाय सिल्व्हेनियाकडे गेला, म्हणून 'जीटीई-सिल्व्हेनिया' किंवा 'सिल्व्हेनिया-झिन्स्को' या नावांखालीही हेच पॅनेल मिळतं. सिल्व्हेनियाची सगळीच पॅनेल मात्र या बनावटीची नव्हती, त्यामुळे नुसतं नाव पुरेसं नाही, आतली रचना बघावी लागते.

झिन्स्को निदान कधीकधी इशारा देतं: जळका वास, एखादा ब्रेकर गरम लागणं, दिव्यांची फडफड. तसं काही असेल तर राहायला जाण्याआधीच ते बदललं पाहिजे. फेडरल पॅसिफिककडून तेवढीही अपेक्षा ठेवू नका. दोन्हींच्या बाबतीत माझं मत एकच आहे, पूर्ण पॅनेल बदला. फक्त नवे ब्रेकर घालून देतो म्हणणारे भेटतात. झिन्स्कोत नवा ब्रेकरही त्याच खराब पट्टीवर बसतो. स्टॅब-लॉकमध्ये जुन्या रचनेची जोडणी तशीच राहते, आणि बदललेला ब्रेकर भरवशाचा आहे याची खात्री कोणी देत नाही.

फ्यूजची पेटी इतकी वाईट नाही

काचेच्या गोल फ्यूजांची पेटी पाहिली की घर बघणारे सर्वांत जास्त दचकतात. खरं तर नीट फ्यूज लावलेली पेटी मला स्टॅब-लॉकपेक्षा पुष्कळ बरी वाटते. फ्यूजमध्ये हलणारा भागच नाही. करंट वाढला की तार वितळते आणि फ्यूज उडतो, तिथे काही अडकून बसायला जागाच नाही.

धोका येतो तो माणसाच्या हातून. १५, २० आणि ३० अँपिअरचे जुने फ्यूज एकाच आट्यात बसतात. फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणीतरी १५ च्या जागी ३० चा लावतो. १४ गेज जाडीच्या तारेला १५ अँपिअरचंच संरक्षण हवं असतं. ३० चा फ्यूज लावला की भिंतीतली तार तापत राहते आणि फ्यूज शांत बसतो. म्हणून अशा पेटीत सगळेच फ्यूज ३० चे दिसले तर तिथे गडबड आहे असं समजा. याला स्वस्त उपाय आहे. 'टाइप एस' नावाचे अडॅप्टर बसवले की त्या जागी मोठा फ्यूज बसतच नाही.

मग पेटी कायम ठेवावी का? काही काळ चालेल. पण अशा घरांना बरेचदा ६० अँपिअरचाच पुरवठा असतो, आणि आजच्या नियमानुसार एका कुटुंबाच्या घराला किमान १०० लागतात. हीट पंप किंवा गाडीचा चार्जर मनात असेल, तर बदल आज ना उद्या करावाच लागणार. फरक एवढाच की इथे ते काम तुमच्या सवडीने करता येतं.

मधली मंडळी

पुशमॅटिक नावाच्या पॅनेलमध्ये खिट्टीऐवजी बटण दाबायचं असतं. ब्रेकर पट्टीला स्क्रूने आवळलेले, म्हणजे झिन्स्कोच्या अगदी उलट, पकड भक्कम. पण यंत्रणा म्हातारी होऊन जड होते, चालू-बंदची खूण विश्वासाची राहत नाही आणि सुटे ब्रेकर महाग मिळतात. धावपळ नको, पण बदलण्याच्या यादीत ठेवा. चॅलेंजर हे १९८० च्या दशकातलं नाव. त्याच्या काही ब्रेकरांची पट्टीवरची जोडणी तापते, आणि १९८८ मध्ये बनलेले काही जीएफसीआय (करंट जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारे) ब्रेकर परत मागवले गेले होते. ते पॅनेल इलेक्ट्रिशियनकडून उघडून तपासून घ्या आणि मगच ठरवा. स्प्लिट-बस पॅनेलमध्ये एकच मुख्य ब्रेकर नसतो, सगळं बंद करायला सहापर्यंत ब्रेकर पाडावे लागतात. हा दोष गैरसोयीचा आहे. मात्र त्याच रचनेत स्टॅब-लॉक ब्रेकर असतील, तर वरचा निकाल लागू.

इन्स्पेक्टरने 'ठीक' लिहिलं तर?

होम इन्स्पेक्टर, म्हणजे खरेदीआधी घर तपासणारा, मुख्यतः डोळ्यांनी बघतो. तो पत्रा काढेल, जळल्याच्या खुणा, गंज, एकाच स्क्रूखाली कोंबलेल्या दोन तारा शोधेल. पण ब्रेकर उपसून पट्टी बघणं त्याच्या कामात सहसा येत नाही, आणि झिन्स्कोचे डाग नेमके तिथेच असतात. ओव्हरलोड देऊन ब्रेकर पडतो का हेही तो तपासत नाही. अहवालात यांपैकी एखादं नाव आलं तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा, आणि खरेदीच्या करारात तपासणीसाठी दिलेली (इन्स्पेक्शनची) मुदत संपायच्या आत बोलवा. मुदतीनंतर घासाघीस करायला हातात फारसं उरत नाही.

त्याच भेटीत आणखी एक विचारा: तारा तांब्याच्या की ॲल्युमिनियमच्या? साधारण १९६५ ते १९७३ च्या काळात बऱ्याच घरांत ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. याच केंद्रीय आयोगाच्या म्हणण्यानुसार, १९७२ च्या आधी बनलेल्या ॲल्युमिनियम तारांच्या घरात एखादी जोडणी आग लागण्याच्या स्थितीला पोचण्याची शक्यता तांब्याच्या घरापेक्षा ५५ पट आहे. नवं पॅनेल बसवून हा प्रश्न सुटत नाही. प्रत्येक सॉकेट आणि स्विचमागची जोडणी वेगळी सुधारावी लागते, आणि तो खर्च पॅनेलपेक्षा मोठा होऊ शकतो.

विकणाऱ्याकडून काम की पैसे?

विकणारा म्हणेल, 'क्लोजिंगच्या (व्यवहार पूर्ण होण्याच्या) आधी मीच बदलून देतो.' ऐकायला छान वाटतं, पण मी पैशांची सूट घेऊन काम स्वतः करून घेण्याच्या बाजूने आहे. जो घर सोडून चाललाय तो सर्वांत स्वस्त माणूस शोधणार हे साहजिक आहे. याला अपवाद विम्याचा. काही विमा कंपन्या फेडरल पॅसिफिक किंवा झिन्स्को पॅनेल असलेल्या घराचा विमा नाकारतात. फ्लोरिडात जुन्या घराला छत, वीज, नळ आणि वातानुकूलन यांची 'फोर पॉइंट' तपासणी मागतात आणि तिथे पॅनेलचं नाव लपत नाही. विमा नसेल तर कर्ज अडतं. अशा वेळी काम क्लोजिंगच्या आधीच व्हायला हवं, मग इलेक्ट्रिशियन आपल्या पसंतीचा असावा असा आग्रह धरा.

कोटेशन दोन-तीन घ्या आणि नुसत्या आकड्यांची तुलना करू नका. परमिट कोण काढणार, वीज कंपनीकडून मीटर बंद करून घ्यायची जबाबदारी कोणाची, ग्राउंडिंग (अर्थिंग) आजच्या नियमाप्रमाणे होणार का, व्होल्टेजच्या झटक्यांपासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर आणि घराबाहेरचा आपत्कालीन स्विच धरलाय का, हे प्रत्येकाला विचारा. कोणत्या वर्षाचा कोड (विजेच्या कामाची नियमावली) लागू आहे ते राज्यागणिक बदलतं. पॅनेल कपड्यांच्या कपाटात किंवा बाथरूममध्ये असेल तर त्या जागी आता परवानगी मिळत नाही, ते हलवावं लागेल आणि आकडा वाढेल. 'परमिटची गरज नाही, शनिवारी येऊन करून टाकतो' असं कोणी म्हणालं, तर त्याचं कोटेशन कितीही कमी असो, बाजूला ठेवा. परमिटचा कागद पुढे विमा कंपनीही मागते आणि तुमचं घर घेणाराही.