एकदिवसीय आणि मासिक मऊ लेन्स: संसर्गाच्या दृष्टीने तुलना

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स रोज नवी वापरावी की एकच महिनाभर धुऊन वापरावी, हा निर्णय बहुधा केवळ किंमत पाहून घेतला जातो, आणि हे मला चिंताजनक वाटते. मासिक लेन्सवर अश्रूंमधील प्रथिने साचत जातात, आणि त्यामुळे वरच्या पापणीच्या आतील बाजूस उंचवटे येऊन खाज व चिकट स्राव सुरू होऊ शकतो. याहून गंभीर धोका लेन्सच्या डबीचा आहे: डबी रोज रिकामी करून वाळवली नाही, किंवा लेन्स धुण्या-ठेवण्याच्या जुन्या द्रावणातच नवे ओतले, तर तेथे स्यूडोमोनाससारखे जीवाणू वाढतात, आणि नळाच्या पाण्यातून येणारा अकँथामीबा हा सूक्ष्म एकपेशीय जीव तर कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याला) महिनोन्‌महिने उपचार करावा लागणारा, अत्यंत वेदनादायक संसर्ग करू शकतो.

एकदिवसीय लेन्सला डबी आणि द्रावण दोन्ही लागत नाहीत, हा तिचा खरा लाभ आहे. मात्र ती घालून झोपल्यास तो लाभ उरत नाही. अमेरिकेतील 1989 च्या अभ्यासात, रात्री काढल्या जाणाऱ्या मऊ लेन्सच्या दर 10,000 वापरकर्त्यांत वर्षाला सुमारे 4, तर झोपेतही घातल्या जाणाऱ्या लेन्सच्या बाबतीत सुमारे 21 जणांना कॉर्नियाचा व्रण झाल्याचे आढळले. पुढे आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेल या लेन्सच्या नव्या साहित्यामुळे कॉर्नियाला प्राणवायू अधिक मिळू लागला, तरी झोपेतील संसर्गाचा धोका मिटला नाही. लेन्स अधूनमधूनच वापरणाऱ्यांनी एकदिवसीय प्रकारच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.