बाईंच्या नावाची शिष्यवृत्ती: गोव्यात निधी कुठे द्यावा, काय लिहून घ्यावं

गोवा मुक्त झाल्यावर, विशेषतः १९६३ मध्ये दयानंद बांदोडकरांचं सरकार आल्यावर, खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. तिथे आणि आधीपासून चालत आलेल्या खाजगी मराठी शाळांत शिकवायला उभ्या राहिलेल्या शिक्षिकांची ती पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे. कित्येकजणी आता नाहीत. त्यांच्या मुलांना, भाच्यांना, माजी विद्यार्थ्यांना बाईंच्या नावे काही कायमचं करावंसं वाटतं आणि बहुधा शिष्यवृत्तीच ठरते. पैसे जमतात, धनादेश दिला जातो, फोटो निघतो. पुढच्या दहा वर्षांत त्या निधीचं काय होतं ते मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हे परीक्षण.

वाटा तीन: शाळा चालवणारं मंडळ, कॉलेज किंवा विद्यापीठ, आणि स्वतःचा न्यास. दोन ते पाच लाखांच्या निधीसाठी शाळेचं मंडळ सर्वांत चांगलं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र चार गोष्टी ठरावात लिहून घेतल्या असतील तरच: व्याजाचा किती वाटा द्यायचा, करपरतावा कुठे जमा करायचा, मुलगी कशी निवडून पैसे कधी द्यायचे, आणि शाळा बंद झाली तर निधी कुठे जाणार.

मंडळाची बाजू आधी. खर्च शून्य. एक पत्र, एक धनादेश, कार्यकारिणीचा एक ठराव आणि बँकेतली मुदत ठेव, इतक्यावर काम होतं. मुलगी कोण, तिच्या घरची स्थिती काय, हे वर्गशिक्षिकेला माहीत असतं. अर्ज छापावे लागत नाहीत. लोकांच्या लहान लहान देणग्यांवर शाळा उभी करण्याची सवयही इथे जुनी आहे. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ ची. घराघरांतून रोज मूठभर तांदूळ बाजूला काढून तिचं काम सुरू झालं. अशा संस्थांच्या वारशात स्मृतिनिधी शोभून दिसतो.

अडतं ते पाच-सात वर्षांनी. मुख्याध्यापक निवृत्त होतात, चिटणीस बदलतात, ठेवीवर सह्या जुन्यांच्याच राहतात. बँक नवा ठराव आणि नव्या सह्यांची केवायसी मागते, ती कुणी देत नाही, ठेव आपोआप पुढे ढकलली जाते किंवा मुदत संपून पडून राहते. दहा वर्षं दावा न झालेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते. ती परत मिळते, पण कागद शोधून हेलपाटे घालावे लागतात. आपल्या गावातल्या शाळेचा असा जुना निधी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर संस्थेच्या नावाने शोध घ्या.

दुसरी अडचण ठरावाच्या भाषेत असते. “दरवर्षी ९,००० रुपयांची शिष्यवृत्ती द्यावी” असं लिहिलं की पुढे घोटाळा ठरलेला. २०१३-१४ च्या सुमारास मोठ्या बँका नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या, तेव्हा लाखावर नऊ हजार सुटायचे. २०२०-२१ मध्ये तेच दर साडेपाचच्या खाली आले. ठरावातले नऊ हजार द्यायचे तर मंडळाला पदरचे साडेतीन हजार घालावे लागतात, आणि तसं कुणी किती वर्षं करणार? मग बक्षीस बंद होतं, किंवा मुद्दलाला हात लागतो. रक्कम लिहू नका, वाटा लिहा: मिळालेल्या व्याजापैकी ८० टक्के वाटावेत, २० टक्के मुद्दलात जमा करावेत.

हिशेब असा. तीन लाखांची ठेव, साडेसहा टक्के व्याज, वर्षाचे १९,५००. त्यातले ३,९०० मुद्दलात परत, उरले १५,६००. या पैशांत दरवर्षी एक मुलगी निवडून तिला अकरावी आणि बारावी अशी दोन वर्षं ७,८०० द्यायचे. दुसऱ्या वर्षापासून एका वेळी दोघी चालू असतात आणि हिशेब बरोबर बसतो. मुद्दल दहा वर्षांत सुमारे ३ लाख ४१ हजार होतं. महागाईला ते पुरत नाही, पण २० टक्के न ठेवणाऱ्या निधीपेक्षा पुष्कळ बरं. लाखाच्या आतला निधी शिष्यवृत्तीला पुरत नाही. त्यातून शाळेच्या वाचनालयाला बाईंच्या नावे दरवर्षी पुस्तकं घ्यावीत, ते खरं काम होईल.

करकपातीकडे लक्ष द्या. एका बँकेतलं संस्थेचं वर्षाचं व्याज सध्या ५०,००० च्या वर गेलं की बँक १० टक्के कापते. पॅन जोडलेला नसेल तर २०. मंडळाच्या इतर ठेवी असतातच, म्हणून बाईंच्या निधीतूनही १,९५० रुपये कापले जातात. मंडळाने विवरणपत्र भरलं की ते परत येतात, पण येतात मंडळाच्या मुख्य खात्यात, आणि तिथेच मिसळून जातात. परतावा याच निधीच्या खतावणीत जमा व्हावा, हे वाक्य ठरावात हवंच. ठेव मंडळाच्या नावावर आणि मंडळाच्या पॅनवर असावी, पुढे बाईंच्या नावाचा उल्लेख असावा. मुलाच्या किंवा मुख्याध्यापकाच्या वैयक्तिक नावावर ती कधीच ठेवू नये.

बँक कोणती? हा प्रश्न गोव्यात टाळता येत नाही. म्हापसा अर्बनचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये रद्द केला, मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये. ठेव विम्याचं संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत सर्व शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाखांपर्यंतच आहे. इथे लोक चुकतात: ठेवीदार म्हणजे मंडळ, निधी नव्हे. मंडळाचे त्याच बँकेत आधीच वीस लाख असतील तर तुमच्या तीन लाखांना वेगळं कवच मिळत नाही. मंडळाचं दुसरं काही नाही अशा मोठ्या बँकेत ही ठेव उघडायला सांगा. पतसंस्थेत अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून जाऊ नका. पतसंस्थांना हा विमाच नाही.

आता वाटपाची वेळ, आणि इथे बहुतेक मंडळांना गुण कमी द्यावे लागतात. पैसे स्नेहसंमेलनात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत दिले जातात. खर्च त्याच्या आठ महिने आधी झालेला असतो. २०२५-२६ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले, दहावीचा निकालही २०२५ साली एप्रिलमध्येच लागला. प्रवेश शुल्क, गणवेश, पुस्तकं, कदंब बसचा पास, पावसाआधी छत्री-रेनकोट, सगळं एप्रिल ते जूनमध्ये. सत्तरी, सांगे, काणकोण इथल्या वाड्यांतून उच्च माध्यमिकला जाणारी मुलगी याच तीन महिन्यांत गळते. ठेवीचं व्याज तिमाही घ्या, बचत खात्यात साठू द्या, मार्चअखेर चारही हप्ते जमा असतात. निकालानंतर पंधरा दिवसांत पैसे थेट मुलीच्या खात्यात, आणि गौरव हवा तर संमेलनात प्रमाणपत्र. व्यासपीठावर दिलेला धनादेश तीन महिन्यांत वटवावा लागतो. मुलीचं खातं नसतं, किंवा शाळेच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, आणि तो धनादेश वहीतच राहतो. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं खातं चालवता येतं, तेव्हा नववीतच ते उघडून घ्यावं.

निकषांबद्दल थोडं सविस्तर, कारण बाईंचं नाव खरं तर इथेच टिकतं किंवा बुडतं. सगळ्यांत नेहमीचा निकष म्हणजे “दहावीत मराठीत सर्वाधिक गुण”. गोवा शालान्त मंडळाच्या परीक्षेत मराठी ही पहिली भाषा म्हणूनही घेता येते आणि तिसरी म्हणूनही. दोन्ही प्रश्नपत्रिका वेगळ्या, गुणांची तुलना होत नाही. कोणती भाषा ते लिहिलं नसेल तर दरवर्षी वाद. समान गुण पडले तर काय, हेही लिहा: रक्कम विभागावी, की कमी उत्पन्नाच्या मुलीला द्यावी. आमच्या मते सर्वाधिक गुणांचा निकष मुळात नकोच. त्या मुलीला त्याच दिवशी आणखी चार बक्षिसं मिळत असतात. ज्या बाईंनी चौथीत शाळा सुटलेल्या पोरीला घरी जाऊन परत शाळेत आणलं, त्यांच्या नावाचे पैसे अशाच पोरीला गेले पाहिजेत. त्यासाठी निकष साधे: घरातली दहावी झालेली पहिली मुलगी, नववी-दहावीत ८० टक्के हजेरी, पुढचा प्रवेश निश्चित. मामलेदार कचेरीतला उत्पन्नाचा दाखला इतक्या रकमेसाठी मागू नका, वडिलांचा रोजगाराचा दिवस बुडतो. रेशनकार्डाची प्रत आणि वर्गशिक्षिकेची सही पुरते.

नावाचंही एक. बाई शाळेत ज्या नावाने ओळखल्या जायच्या ते नाव शिष्यवृत्तीच्या शीर्षकात हवं. कागदोपत्री सासरचं पूर्ण नाव लिहिलं की गावातल्या कुणाला कळत नाही की ह्या त्याच बाई. सोबत एक पान द्या: कुठल्या शाळांत, कोणत्या सालापासून, काय शिकवायच्या. निवडलेल्या मुलीला ते वाचायला मिळालं पाहिजे.

मंडळाला दहापैकी सात गुण. चारही गोष्टी लिहून घेतल्या तर नऊ.

विद्यापीठाचं थोडक्यात. गोवा विद्यापीठ १९८५ पासूनचं. हिशेब तपासणी, वित्त विभाग, कार्यकारी परिषदेची मंजुरी असं सगळं चोख असतं, पदक दीक्षान्त समारंभात दिलं जातं, मान मोठा. ठेव हरवण्याचा धोका फारच कमी. पण अटी एकदा मंजूर झाल्या की बदलणं कठीण, आणि पैसे बहुधा एखाद्या विषयात पहिल्या येणाऱ्याला जातात. प्राध्यापिका असलेल्या बाईंसाठी हे योग्य. प्राथमिक शिक्षिकेच्या स्मृतीसाठी आम्ही ही वाट सुचवणार नाही. मधला मार्ग म्हणजे साखळी, खांडोळा, केपे इथली सरकारी महाविद्यालयं: गावची मुलगी तिथेच पोचते. मात्र सरकारी संस्थेत देणगी स्वीकारण्याची कागदपत्रं लांबतात, सहा महिने धरून चाला.

स्वतःचा न्यास काढावा का? दहा लाखांच्या खाली नको. गोव्यात महाराष्ट्रासारखं धर्मादाय आयुक्तालय नाही. न्यासाचं खत तालुक्याच्या उपनिबंधकाकडे नोंदवतात, किंवा किमान सात सभासदांची सोसायटी १८६० च्या कायद्याखाली करतात. नोंदणी सोपी, पुढचं जड: पॅन, खातं, आयकर खात्याकडची करमाफीची आणि देणगीदारांच्या करसवलतीची नोंदणी (१९६१ च्या कायद्यात १२ए आणि ८०जी), दरवर्षी हिशेब आणि विवरणपत्र, सनदी लेखापालाची फी. लहान निधीचं निम्मं व्याज त्यातच जातं. वीस वर्षांनी विश्वस्त कोण, याचं उत्तर घरात नसेल तर हा विचार सोडून द्या.

देणगीदारांसाठी कराची बाब. देणगीवर आयकरात सूट हवी तर (१९६१ च्या कायद्यात, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, कलम ८०जी) मंडळाकडे ती नोंदणी आहे का ते आधी विचारा. पुष्कळ शाळांकडे नसते. रोख २,००० च्या वर चालत नाही. साध्या पावतीवर भागत नाही, आयकर खात्याच्या ठरलेल्या नमुन्यातलं देणगी प्रमाणपत्र (१९६१ च्या कायद्यात १०बीई) लागतं. मंडळाने देणग्यांचं वार्षिक विवरण (१९६१ च्या कायद्यात १०बीडी) मे अखेरपर्यंत भरलं नाही तर ते वेळेवर निघत नाही. नव्या करपद्धतीत ही सूट नाहीच. पत्रात “ही रक्कम कायम निधी म्हणून देत आहोत” असं स्पष्ट लिहा, नाहीतर ती मंडळाचं चालू उत्पन्न धरली जाते आणि खर्ची पडू शकते.

आणि गोव्यात फार महत्त्वाची गोष्ट: परदेशी पासपोर्ट. भाऊ लिस्बनला, बहीण लंडनला, दोघांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेलं. त्यांनी पाठवलेले पैसे, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, कायद्याने विदेशी योगदान ठरतात. मंडळाकडे विदेशी योगदान कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं नसेल तर ते घेता येत नाहीत. भारतीय पासपोर्ट असलेला, आखातात नोकरी करणारा मुलगा स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. दोन्ही प्रकारचे पैसे एका धनादेशात मिसळले की अडचणीत मंडळ येतं.

बाई हयात असताना स्वतःच मृत्युपत्राने निधी ठेवू इच्छित असतील तर इथला वारसा कायदा पाहावा लागतो. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर संपत्ती नवरा-बायकोची समाईक, निम्मी नवऱ्याची. उरलेल्या निम्म्यातला अर्धा भाग मुलांचा, तो काढून घेता येत नाही. दोघांचं मिळून ८० लाख असेल तर बाईंना मृत्युपत्राने मुक्तपणे देता येतात ते २० लाख. मृत्युपत्र तालुक्याच्या विशेष नोटरीपुढे करावं आणि त्यात शाळेचं नाव न लिहिता ती चालवणाऱ्या मंडळाचं नोंदणीकृत नाव लिहावं.

राहिला शेवटचा ठराव, जो जवळजवळ कुणीच करत नाही. पट कमी झाल्याने गोव्यातल्या किती तरी मराठी प्राथमिक शाळा बंद झाल्या किंवा शेजारच्या शाळेत विलीन झाल्या. “शाळा बंद वा विलीन झाल्यास निधी त्याच तालुक्यातल्या अमुक शाळेकडे जावा, तीही नसल्यास मंडळाने कुटुंबाला कळवून दुसरी निवडावी” हे वाक्य पहिल्याच दिवशी घाला. ठरावाची प्रत तीन ठिकाणी ठेवा: मंडळाच्या इतिवृत्तात, बँकेच्या फायलीत, घरी. आणि दर जूनमध्ये मंडळाने चार ओळींचं पत्र घरी पाठवावं: व्याज किती आलं, करकपात किती, कुणाला दिलं, मुद्दल आता किती.