फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५ मॅन्युअल: पंधरा हजार किलोमीटरच्या सर्व्हिसनंतर, कोल्हापूरचा अनुभव

गाडी घेतल्यापासून जो भेटेल तो पहिला प्रश्न विचारतो, पळती का? पळती, बुंगाट पळती. पण मला लिहायचंय ते दुसऱ्या प्रश्नावर, जो आमच्या उद्यमनगरातली जुनी मंडळी विचारतात, की एवढ्याशा इंजिनातून एवढी पॉवर काढल्यावर ते टिकणार किती? माझं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, दिवसभर कास्टिंग आणि बोअरच्या मापातच डोकं असतं, त्यामुळे मलाही गाडी घेताना याच प्रश्नानं जास्त छळलं होतं.

आधी थोडं आकड्यांचं. २०२२ ला व्हर्टस आली तेव्हा १.५ टीएसआय (टर्बोचं पेट्रोल इंजिन) फक्त डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये मिळायची, मॅन्युअल २०२३ ला आली आणि मी तिचीच वाट बघत होतो. १४९८ सीसी, चार सिलिंडर, १५० पीएस पॉवर, २५० एनएम टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ. खालचं १.० इंजिन तीन सिलिंडरचं, ११५ पीएस आणि १७८ एनएम. ही काय दोन सीटांची स्पोर्ट्स कार नव्हे, घरचे सगळे बसतात अशी सेडान आहे, पण १.५ टाकल्यावर गाडीचा स्वभावच बदलतो.

पीएसचा आकडा बघून गाडी घेऊ नका, टॉर्क कुठं येतो ते बघा. याचा पूर्ण टॉर्क १६०० ते ३५०० आरपीएममध्ये (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो. त्याचा अर्थ मला रत्नागिरीहून परत येताना कळला, साखरप्याच्या पुढं आंबा घाट चढताना, गाडीत आम्ही चौघं, ५२१ लिटरची डिकी आंब्याच्या पेट्यांनी गच्च, पुढं लोड भरलेला ट्रक. जरा सरळ पट्टा दिसला, समोरून कोण येत नाही हे नीट बघितलं, तिसऱ्याच गिअरवर पाय दाबला आणि काटा दोन हजारावरनं वर सरकायच्या आत गाडीनं पाठीत ढकलल्यासारखी ओढ घेतली, इंजिनाचा आरडाओरडा नाही, मागं बसलेल्या आईची झोपसुद्धा मोडली नाही. तीच चढण मी पाहुण्यांच्या १.० वर केलीय, तीही गुणी गाडी आहे, पण भरलेली असली की गिअर खाली टाकावाच लागतो. घाटात वरचेवर जाणाऱ्यानं वरचे पैसे घालावेत ते एवढ्यासाठीच, टॉप स्पीडसाठी नव्हे.

आता उलटी बाजू. १५०० आरपीएमच्या खाली टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, जागा झालेला नसतो. महाद्वार रोडला नाहीतर बिंदू चौकात दुसऱ्या गिअरवर रांगत असाल आणि तिथनंच जोरात एक्सलेटर दाबला तर गाडी गुदमरते, आणि खरा मुद्दा गुदमरण्याचा नाही. टर्बो अधिक डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये) असलेल्या कुठल्याही पेट्रोल इंजिनाला कमी आरपीएमवर जास्त लोड दिला की मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटायची शक्यता असते, लो स्पीड प्री-इग्निशन म्हणतात त्याला, आणि तो दणका थेट पिस्टनवर आणि त्याच्या रिंगांवर बसतो. आपल्याकडं वरच्या गिअरवर गाडी ढकलत न्यायची, पेट्रोल वाचतं म्हणून, ही सवय लई जुनी आहे. हे इंजिन घेणार असाल तर ती सवय सोडा, गिअर खाली टाकायला आळस करू नका.

दोन सिलिंडरची करामत मात्र मला मनापासून आवडली. हायवेला हलक्या पायानं चालवताना इंजिन मधले दोन, म्हणजे दुसरं आणि तिसरं सिलिंडर बंद करतं, व्हॉल्वसुद्धा उघडत नाहीत, आणि उरलेल्या दोघांवर गाडी चालते. डिस्प्लेवर दिसतं म्हणून कळतं, पायाला काही जाणवत नाही. सध्या सातारा-कागल सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनमुळं एका स्पीडला गाडी धरताच येत नाही त्यामुळे याचा फायदा अर्धाच मिळतो, पण पेठनाक्याच्या आसपास मोकळा पट्टा लागला की फरक दिसतो. गावात मला अकरा-बाराचं ॲव्हरेज मिळतं, हायवेला शांत चालवली तर सतरा-अठरा, घाटात पाय मोकळा सोडला की दहाच्याही खाली.

ॲव्हरेजवरनं आठवलं, आता मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या मळीचं आणि उसाच्या रसाचं इथेनॉल त्यात जातं आणि ऊस आमच्याही घरचा आहे, त्यामुळे नाव ठेवायला जीभ रेटत नाही, पण गणित सरळ आहे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे ॲव्हरेज थोडं बसणारच. दुसऱ्या बाजूनं त्याचं ऑक्टेन, म्हणजे अवेळी न पेटण्याची ताकद, शंभराच्या वर आहे, ते टर्बो इंजिनाला मानवतं, नॉकिंग, म्हणजे अवेळी पेटल्याची खटखट, मी एकदाही ऐकलं नाही. फक्त इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका.

आता टिकण्याचं. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे म्हणून नाक मुरडणारे मला रोज भेटतात. भावांनो, पिस्टनची रिंग घासते ती बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीच्या, आतल्या पृष्ठभागावर, बाहेरचा ब्लॉक कशाचा आहे त्यावर इंजिनाचं आयुष्य ठरत नाही, ऑइल आणि उष्णता यांच्यावर ठरतं. उष्णतेचा विचार या इंजिनात चांगला केलाय. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळालेला गॅस बाहेर नेणाऱ्या नळ्या) इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्येच ओतलेला आहे, त्याच्याभोवती कूलंट फिरतं, म्हणून सकाळी इंजिन लवकर गरम होतं आणि घाटात एक्झॉस्टची उष्णता आटोक्यात राहते. असा कोअर (आतली पोकळी ठेवणारा साचा) बसवून हेड ओतणं म्हणजे काय काम आहे ते फाउंड्रीवाल्यालाच विचारा! घाट चढून गाडी बंद केल्यावर बॉनेटखालनं घरघर येत राहते, ते बघून घाबरू नका, ते टर्बोची उष्णता काढायचं काम चालू असतं. तरी मी बंद करायच्या आधी शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाशच चालवतो.

ऑइलचा प्रसंग मुद्दाम सांगतो. पंधरा हजारची सर्व्हिस करून गाडी घरी आणली, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर, सपाट जागेवर डिपस्टिक काढली, पुसली, परत घातली, काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं बोटभर वर. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे, थोडं जास्त असलेलं बरं असतं साहेब. बरं नसतं! ऑइल लई वर गेलं की क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) ते घुसळते, फेस होतो, फेसाळ ऑइल बेअरिंगला नीट प्रेशर देत नाही, आणि थोडं ऑइल ब्रीदरवाटे, म्हणजे इंजिनातली वाफ काढणाऱ्या नळीवाटे, हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये जातं. गाडी परत नेली, समोर उभा राहून जादाचं काढायला लावलं. सर्व्हिसनंतर डिपस्टिक स्वतः बघायचीच, कोणतीही गाडी असो, आणि ऑइल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचंच, दुकानदार सांगेल ते नव्हे. त्यानंतर लेव्हल जवळजवळ जागची हललेली नाही, कूलंट तसंच आहे, चेक इंजिनचा दिवा एकदाही लागला नाही.

डीएसजी का नको, असं बऱ्याच जणांनी विचारलं. सात स्पीडचा तो गिअरबॉक्स ड्राय क्लचचा आहे, क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो. रविवारी पन्हाळ्याच्या चढाला गाड्यांची रांग लागते, तिथं ब्रेक न दाबता एक्सलेटरवर गाडी रोखून धरली की तो तापणार. नीट चालवणाऱ्याला डीएसजी मजा देईल, पण आमच्या घरात गाडी तिघं चालवतात आणि तिघांचे पाय तीन तऱ्हेचे, म्हणून मी मॅन्युअल घेतली.

एक गोष्ट अजून बघायची आहे. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्ववरनं वाहत नाही, त्यामुळे व्हॉल्वच्या पाठीवर काजळी साठत जाते. सारखं गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला हे जास्त होतं, म्हणून आठवड्यातनं एकदा तरी गाडी नीट गरम करून राधानगरी रोडला मोकळी सोडतो. तीस हजारला बोअरस्कोप (नळीच्या टोकाचा छोटा कॅमेरा) आत घालून चारी सिलिंडरचे व्हॉल्व बघणार आहे, फोटोसकट टाकतो. कोणाची १.५ पन्नास हजारच्या पुढं गेली असेल आणि व्हॉल्व उघडून बघितले असतील तर किती काजळी होती ते जरूर कळवा.