आधी फोन की आधी कागद? कोल्हापुरात पहिलं कॉमिक काढणाऱ्यासाठी

खासबाग मैदानातल्या एका कुस्तीची गोष्ट मी दोनदा काढली. एकदा फोनसाठी, एकदा छापण्यासाठी. पैलवान तेच, शेवटचा डावही तोच, ढाक. तरीही दुसऱ्या वेळी जवळजवळ प्रत्येक पान नव्याने काढावं लागलं. कलानिकेतन किंवा दळवीज या इथल्या चित्रकला संस्थांतून बाहेर पडलेली मुलं भेटतात आणि विचारतात, “सर, आधी इन्स्टावर टाकू की थेट छापू?” प्रश्न बहुतेक वेळा खर्चाचा असतो. मी आधी ती दोन्ही कामं त्यांच्यासमोर शेजारी-शेजारी ठेवतो. पैशाचा हिशोब नंतर बदलता येतो. चौकटीचा आकार मात्र एकदा धरला की बदलणं म्हणजे पुन्हा काढणं.

फोनवर वाचणारा बोटाने खाली सरकत जातो, त्यामुळे दोन चौकटींमधली मोकळी जागा म्हणजेच वेळ. ढाक मारल्यावर समोरचा पैलवान हवेत उलटतो, तो क्षण मी तीन स्क्रीनभर लांब काढला होता. वर पकड, मग नुसतं आकाश, मग तळाशी तांबडी माती आणि तिच्यात टेकलेले दोन्ही खांदे. वाचणाऱ्याचं बोटच त्याला खाली आणतं. कागदावर ही गंमत होत नाही. तिथे वेगळीच ताकद हाताशी असते, पान उलटण्याची. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत फक्त मनगटावर आवळलेला पंजा. पान उलटलं की समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं सगळं मैदान. खासबाग वाटीसारखं आहे. मध्ये आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, म्हणून कुठूनही कुस्ती दिसते. ती वाटी आडव्या जागेतच मावते. फोनच्या उभ्या पट्टीत मला मैदान कधीच दाखवता आलं नाही. दिसली ती फक्त गर्दीची एक फाक.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला असा विचारा: माझ्या गोष्टीत काय जास्त आहे, पडणं-चालणं-बोलणं की जागा? रंकाळ्याच्या काठावर दोन मैत्रिणींच्या गप्पा असतील तर फोन उत्तम. जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या सासनकाठ्या आणि गुलाल दाखवायचा असेल तर कागद.

अक्षरांचा मुद्दा दोन्हीकडे सारखाच अवघड आहे आणि नवे लोक तिथेच सगळ्यात कमी वेळ देतात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार लागतो, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोडावं लागतं आणि संवादाचा फुगा उंच होतो. चित्र पूर्ण करून मग फुगा बसवायला गेलात की पैलवानाचं डोकं झाकलं जातं. कच्च्या आराखड्यातच संवाद हाताने लिहून बघा. आपल्याकडच्या बोलीमुळे आणखी एक गोष्ट होते. कोल्हापुरातल्या बाया-मुली सर्रास “मी आलो”, “मी जातो” म्हणतात. ते तसंच लिहा, पुस्तकी करू नका. पण मग क्रियापदावरून बोलणारा ओळखू येत नाही, त्यामुळे फुग्याचं शेपूट नेमकं त्या तोंडाकडे वळलेलं हवं. फॉन्टसाठी “मुक्त” किंवा “बलू” या नावांचे खुल्या परवान्याचे फॉन्ट आहेत, ते छापील आणि विक्रीच्या कामातही वापरता येतात.

प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे फॉन्टमधून रेषांच्या आकारात बदलूनच द्या. त्यांच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. माझ्या पहिल्या छपाईत मी वेगळीच चूक केली. संवादांचा काळा रंग रंगीत छपाईच्या चारही शाईंतून बनलेला राहिला. कागद केसभर सरकला आणि प्रत्येक अक्षराला निळी-लाल किनार आली. तेव्हापासून मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवतो, रेखाटन किमान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करतो आणि कडेला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यात जाणारं जास्तीचं चित्र, सोडतो. फोनसाठी यातलं काहीच लागत नाही. तिथे पट्टीची रुंदी साधारण ८०० पिक्सेल आणि लहान स्क्रीनवर वाचता येईल एवढं अक्षर, इतकं बघितलं की झालं. इन्स्टाग्रामवर २०२४ पासून एका पोस्टमध्ये २० चित्रं टाकता येतात, म्हणजे छोटा भाग एका दमात बसतो.

आता छपाई. तिच्यातही दोन वाटा आहेत आणि त्यांच्यातला फरक फोन-कागद फरकाइतकाच मोठा आहे. ऑफसेटला, म्हणजे मोठ्या मशीनवरच्या छपाईला, प्रत्येक शाईसाठी धातूची प्लेट बनवावी लागते. एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी सोळा पानं म्हणजे एक फर्मा, असं धरा. काळ्या-पांढऱ्या कामाला त्याच्या दोन बाजूंच्या दोन प्लेट, रंगीत कामाला आठ. ३२ पानांच्या अंकाचे दोन फर्मे, म्हणजे आतल्या पानांच्या चार प्लेट किंवा सोळा. हा खर्च प्रत १०० काढा नाहीतर १०००, तेवढाच येतो. डिजिटलला, म्हणजे संगणकातून थेट छापणाऱ्या मशीनला, प्लेट नाही, प्रत्येक प्रतीचा दर जवळपास सारखा. तिथे हिशोब बारा बाय अठरा इंची शीटवर चालतो. ए-फाइव्ह, म्हणजे ए-फोरच्या निम्मा आकार घेतला तर एका बाजूला चार पानं बसतात आणि ३२ पानं चार शीटमध्ये होतात. ब्लीडला जागा तंग राहते, तेव्हा मशीनची मार्जिन आधी विचारा. क्राउन चतुर्थांश हा मोठा, देखणा आकार घेतला की एका बाजूला दोनच पानं बसतात. शीट आठ लागतात आणि आतल्या पानांचा खर्च दुप्पट होतो. काढायला बसण्याआधी ही चौकशी करा, नंतर नाही.

आकडे मांडून बघू. दर रोज बदलतात, म्हणून हे फक्त उदाहरण समजा. किंमत १२० रुपये. डिजिटलला प्रत ५५ रुपयांना पडली, १०० प्रती काढल्या, तर ५,५०० रुपये गुंतले. स्वतः हातोहात ४६ प्रती विकल्या की पैसे सुटले. ऑफसेटला हजार प्रती प्रत्येकी २२ रुपयांना पडल्या, तर २२,००० गुंतले आणि हातविक्रीने १८४ प्रती जायला हव्यात. दुकानातून विकायचं तर विक्रेत्याची सवलत आली. ती ४० टक्के धरली तर हातात ७२ रुपये येतात. तेव्हा ऑफसेटच्या ३०६ प्रती खपल्यावर मुद्दल सुटतं. डिजिटलच्या प्रतीमागे दुकानातून फक्त १७ रुपये उरतात. म्हणजे डिजिटल छपाई हातविक्रीसाठीच परवडते. ऑफसेट परवडतं, पण ते ज्याचे तीनशे वाचक आधीच ठरलेले आहेत त्याला.

आणि उरलेल्या प्रती कुठे ठेवणार? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण हजार प्रतींचे गठ्ठे खोलीतला एक कोपरा भरून टाकतात आणि आपल्याकडचा पाऊस कागदाला सोडत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात कुठवर आलं ते सगळ्यांनी पाहिलंय. तळमजल्यावर राहत असाल तर ऑफसेटचा विचार पावसाळा सरल्यावर करा. पण दिवाळीच्या तोंडावरही प्रेस अंक आणि कॅलेंडरांनी भरलेले असतात. डिसेंबर-जानेवारी बरा.

फोनच्या बाजूने बोलायचं तर तिथे गठ्ठा नाही, प्लेट नाही, आणि गडहिंग्लजपासून पुण्यापर्यंतचा वाचक एका संध्याकाळी भेटतो. पैसा मात्र भेटत नाही. लोक आवडलं म्हणून पुढे पाठवतात आणि पाठवताना तुमचं नाव गळून पडतं. प्रत्येक चित्रात सही घालूनही मला हे अनुभवाला आलंय. फोनवरचं कॉमिक म्हणजे वाचक जमवणं. त्या वाचकांकडून यूपीआयवर आगाऊ नोंदणी घेऊन छापणं हा त्याचा दुसरा अर्धा भाग, आणि तो केला नाही तर वर्षभराचं काम फुकट वाटलं जातं.

तिसरा मार्ग प्रकाशकाचा किंवा दिवाळी अंकाचा. अंकात चार-सहा पानं मिळाली तर जरूर घ्या, छपाईची शिस्त तिथे शिकायला मिळते. प्रकाशकाशी करार करताना मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या १९ व्या कलमानुसार हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. लेखक एक आणि चित्रकार दुसरा असेल तर तुमच्या दोघांतही एका कागदावर हे सगळं हवं, कितीही जुनी मैत्री असली तरी.

सरकारी कामं घाबरण्यासारखी नाहीत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते, त्या चार प्रती मोजूनच छापा. पोस्टाची ज्ञान पोस्ट सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये. ती शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे, तेव्हा एक प्रत घेऊन जा आणि तुमचं कॉमिक तिच्यात बसतं का ते काउंटरवर दाखवून विचारा.

माझं मत विचाराल तर पहिलं कॉमिक ३२ पानांचं, काळं-पांढरं, ए-फाइव्ह, डिजिटलवर १०० प्रती, सेंटर पिन म्हणजे घडीवर मधोमध पिना. फोनवर पहिली आठ पानं मोकळी सोडा, ती उभ्या पट्टीसाठी वेगळी मांडून. शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन लागतं तिथे, कॉलेजात, तालमीत स्वतः जाऊन विका. कोण कुठल्या पानावर थांबतं ते बघा. शंभर संपल्या आणि लोक अजून मागत असतील तर ऑफसेटकडे जा. गोष्ट मुळातच धावती, बोलकी असेल आणि छापायला पैसे नसतील तर बिनधास्त फोनवर सुरू करा. पण मग फोनसाठीच काढा, छापायची पानं कापून त्यावर चिकटवू नका.

दोन्हीत मन अडकलं असेल तर आज रात्री आठ ए-फोर कागद घ्या, मधोमध दुमडा, एकात एक घाला. ३२ पानं झाली. पेन्सिलीने काड्यांची माणसं काढून सगळी गोष्ट त्यात बसवा आणि घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या. पान उलटताना त्यांचा हात कुठे थबकतो ते बघत बसा. कुठेच थबकला नाही तर तीच गोष्ट एका लांब पट्टीवर उतरवून उद्या फोनवर दाखवा.