सर्दीत काय: कुळथाची पिठी की मऊ भात?

नाक चोंदलं की वास जातो, वासाबरोबर चवही. मग ताटात काहीही वाढा, सगळं मातीसारखं लागतं. इथे पिठी बाजी मारते. लसणीच्या फोडणीत पाणी, मिरची, दोन आमसुलं. उकळी फुटली की पाण्यात कालवलेलं कुळथाचं पीठ ओतायचं आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. वाटी तोंडाशी नेताच वाफेनं नाक सुटायला लागतं. (रुमाल जवळ ठेवा, तिखटानं धार लागते.)

मऊ भात, तूप, मेतकूट हे खरं तापातलं जेवण. घसा सोलवटला असेल तर तोच बरा. नुसत्या सर्दीला मात्र मला मिळमिळीत वाटतो. लंघन? भूक नसेल तर एखादं जेवण चुकलं तरी चालेल, पाणी चुकवू नका.