आरव्ही घेऊन जायचं तर झायन की योसेमिटी?

आई-बाबा भारतातून येणार, एकदा तरी त्यांना आरव्हीतून राष्ट्रीय उद्यान दाखवायचं, असा बेत सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या मराठी घरांत दरवर्षी शिजतो आणि या दोन नावांवर येऊन अडतो. योसेमिटी कॅलिफोर्नियातच, साध्या गाडीने चार-साडेचार तासांवर. झायन युटामध्ये. तिथे लास व्हेगसपर्यंत विमानाने जायचं, आरव्ही तिथेच भाड्याने घ्यायची आणि पुढे साधारण 160 मैल. अंतरच बघायचं असेल तर निकाल लागलाच. पण आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर, आणि घर बघताना आपण आधी वीज-पाणी विचारतो.

योसेमिटीच्या एकाही कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नाही. जनरेटर चालवायचा तो सकाळी 7 ते 9, दुपारी 12 ते 2 आणि संध्याकाळी 5 ते 7, एवढ्याच वेळात. आरव्हीचा हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. आमच्या भाड्याच्या गाडीच्या बॅटरीने मे महिन्यातल्या पहाटे चारला मान टाकली. मग आईने बॅगेतून होत्या तेवढ्या शाली काढल्या आणि उजाडेपर्यंत आम्ही सगळे जनरेटरच्या सातची वाट बघत बसलो.

झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये विजेच्या जागा आहेत. आरक्षण करताना नेमकी तीच जागा निवडा, कारण तिथे जनरेटरला मनाई आहे आणि उन्हाळ्यात पारा सहज 38 अंशांपुढे जातो. एसीशिवायची आरव्ही म्हणजे पत्र्याची भट्टी. आरक्षण सहा महिने आधी उघडतं. योसेमिटीच्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडचं महिनाभराचं आरक्षण पाच महिने आधी, 15 तारखेला सकाळी 7 वाजता उघडतं, आणि तेव्हा तात्काळ तिकिटासारखी झुंबड असते.

पायवाटांच्या बाबतीत माझं मत घरच्यांपेक्षा वेगळं आहे. योसेमिटीची मिस्ट ट्रेल अप्रतिम, यात वाद नाही. 317 फुटी व्हर्नल धबधब्याचे तुषार अंगावर घेत सुमारे 600 दगडी पायऱ्या चढायच्या. रायगड चढलेल्याला आकडा घाबरवत नाही, घाबरवतो तो ओला ग्रॅनाइट. आई-बाबा पहिल्या पुलापर्यंत आले, तोही चढच, आणि तिथून परत फिरले. पुढचे तीन तास घर दोन ठिकाणी विभागलेलं.

झायनमध्ये असं होत नाही. रिव्हरसाइड वॉक जाऊन-येऊन 2.2 मैल, बहुतेक सपाट आणि फरसबंदीची. ती संपते तिथे व्हर्जिन नदी आणि दोन्ही बाजूंना उभे कडे. आजी-आजोबांनी काठावर बसावं, बाकीच्यांनी काठी घेऊन नदीत उतरावं. हीच नॅरोज. पायवाट नाहीच, नदीतूनच चालायचं. खालून वर जितकं जमेल तितकं जाऊन परत यायला परवाना लागत नाही. मात्र आकाश निरभ्र दिसतंय म्हणून गाफील राहू नका. लांब कुठेतरी कोसळलेल्या पावसाचा लोंढाही घळीत येतो. वसंतात बर्फ वितळून पाणी वाढलं की नॅरोज बंदच ठेवतात.

झायनमधल्या एंजल्स लँडिंग या कड्यावर साखळ्या धरून चढायचं असेल तर 2022 पासून सोडतीत परवाना मिळवावा लागतो. योसेमिटीतल्या हाफ डोम या डोंगरावर तारांना धरून चढायलाही सोडतीचाच परवाना लागतो.

गाडी हाकण्याचं म्हणाल, तर वर्षातला बराच काळ झायनच्या मुख्य घळीत खासगी गाड्या जातच नाहीत, फुकट शटल असते. आरव्ही एकदा उभी केली की झालं. योसेमिटीच्या दरीतही शटल आहे, पण तिथवर पोहोचेपर्यंत चालवणाऱ्याचा घामटा निघतो. 120 नंबरच्या रस्त्यावरचा प्रीस्ट ग्रेड हा अवघड चढ टाळून मारिपोसावरून 140 ने जा. झायनची खोच वेगळी आहे. पुढे ब्राइस कॅन्यन हे दुसरं राष्ट्रीय उद्यान जोडायचा विचार असेल, तर 1930 सालचा पूर्वेकडचा बोगदा आड येतो. 11 फूट 4 इंचांहून उंच किंवा 7 फूट 10 इंचांहून रुंद गाड्यांना जून 2026 पासून तो बंद. भाड्याच्या बहुतेक आरव्ही रुंदीतच अडकतात. मग लांबचा वळसा.

पैशांत फार फरक नाही. दोन्हीकडे गाडीमागे प्रवेश 35 डॉलर. 2026 पासून अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांना माणशी 100 डॉलर जादा, म्हणजे आई-बाबांचे 200, तेही दोन्हीकडे सारखेच.

म्हणून आई-बाबांसोबत आरव्ही असेल तर मी ऑक्टोबरातलं झायन घेईन. ऊन उतरलेलं असतं, नदीही बहुधा शांत. योसेमिटीला मे-जूनमध्येच जावं, ऑगस्टपर्यंत योसेमिटी फॉल्स बहुतेक वर्षी आटतो. पण तिथे तंबू घेऊन, साध्या गाडीने. फक्त मग टूथपेस्टसकट सगळं अस्वलांसाठीच्या लोखंडी पेटीत ठेवावं लागेल.

आणि फोडणी मात्र दोन्हीकडे बाहेरच्या टेबलावर करा. आरव्हीत मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म बोंबलतो.