व्ही-क्रॉसला उंच आणि बारीक टायर: 245/75 आर17, लिफ्ट किट न लावता

आधी मुद्द्याचं सांगतो. पिकअपला ऑफरोड टायर टाकायचे आहेत आणि सस्पेन्शनला हात लावायचा नाही, म्हणजे गाडी वर उचलणारं लिफ्ट किट लावायचं नाही, तर उंची घ्या, रुंदी घेऊ नका. इंदूरात नेमका उलटा सल्ला मिळतो म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलोय.

गाडी आमची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, जुनं 2.5 लिटरचं मॅन्युअल मॉडेल. कंपनीचे टायर 255/65 आर17 (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची भिंत रुंदीच्या किती टक्के, आर17 म्हणजे 17 इंचाचं रिम), अलॉय कंपनीचेच, सस्पेन्शन पण जसं शोरूममधून आलं तसंच. घर सुदामा नगरला, शेती सांवेरकडे, त्यामुळे आठवडाभर ही गाडी शहरात ट्रॅफिकमध्ये आणि एक-दोन दिवस काळ्या मातीत. कंपनीचे टायर डांबरी रस्त्यावर छान होते, तक्रार काहीच नाही, पण पाऊस पडला की शेताच्या रस्त्याला त्यांची नक्षी चिखलाने भरून जायची आणि मग गाडी फोर बाय फोरमध्ये असूनसुद्धा चारही चाकं जागच्या जागी फिरत बसायची.

टायरवाल्याकडे गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "भिया चौडा डलवाओ, गाडी भरी-भरी दिखेगी". चौडा म्हणजे 265/70 आर17, व्ही-क्रॉसवाले सगळे तोच टाकतात. वाईट साइज नाहीये तो, पण हिशोब करून बघा ना. आपला मूळ टायर साधारण 763 मिलिमीटर उंच. 265/70 होतो 803. आणि मी टाकलेला 245/75 आर17 होतो 799. म्हणजे उंचीत फक्त 4 मिलिमीटरचा फरक आणि रुंदीत तब्बल 20 मिलिमीटरचा! ती जास्तीची रुंदी स्टॉक म्हणजे बदल न केलेल्या गाडीत जाते कुठे, तर पूर्ण स्टिअरिंग कापलं की आतल्या प्लॅस्टिक लायनरला आणि मडफ्लॅपला घासायला. मग ते लायनर हीट गनने दाबा, मडफ्लॅप कापा, कोणी सांगतं स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावा, कोणी सांगतं दोन इंच लिफ्ट लावा, आणि टायर बदलायला निघालेला माणूस अर्धी गाडी बदलून घरी येतो.

उंचीचं महत्त्व वेगळंच आहे. लिफ्ट किटने बॉडी आणि चॅसी वर जाते, पण मागचा एक्सल आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे गिअर असतात तो) आहे तिथेच राहतो, तो वर उचलायचा तर एकच उपाय, मोठा टायर. 36 मिलिमीटर उंची वाढली म्हणजे डिफरन्शियलखाली 18 मिलिमीटर मिळाले. कागदावर काहीच नाही वाटत. पण आमच्या शेताच्या रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉलीने पाडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत आणि मधे कडक उंचवटा, तिथे पूर्वी खालून खर्रर्र असा आवाज यायचाच यायचा, या पावसाळ्यात बहुतेक वेळा नाही आला.

आता बारीक का. चिखलात चाक पुढे जाताना समोरचा चिखल ढकलत जातं, टायर जितका रुंद तितका जास्त चिखल ढकलायचा. बारीक टायर तो कापून खाली जातो आणि खाली कडक जमीन असेल तर पकड घेतो. काकांनी गाडी बघितली तेव्हा लगेच ओळखलं, म्हणाले हे तर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचं गणित, तो 6.00-16 चा बारीक टायर पण चिखल कापूनच वळतो. खरंय, आणि जुन्या विलीज जीपला पण तोच 6.00-16 होता, लँड रोव्हर डिफेंडरला वर्षानुवर्षं 7.50 आर16 आणि 235/85 आर16 यायचे, सगळे उंच आणि बारीक. रुंद टायर दिसायला आवडतात हे मला मान्य आहे पण कामाच्या गाड्यांना लोकांनी काय लावलं ते बघा.

एक गैरसमज मात्र आहे, की बारीक टायर म्हणजे जमिनीला कमी टेकतो. हवेचं प्रेशर आणि वजन तेच असेल तर टेकणारी जागा जवळपास तेवढीच राहते, फक्त तिचा आकार बदलतो, आडवी कमी आणि लांब जास्त. म्हणून रेतीतही काम होतं, फक्त हवा कमी करायला पाहिजे. महेश्वरच्या समोरच्या तीरावर नावडाटोलीकडे रेताड कच्चा रस्ता आहे तिथे 18 पीएसआयवर गाडी आरामात चालली, 35 वर ठेवली असती तर रुतलीच असती. कंप्रेसर सोबत ठेवा, हवा कमी केलेल्या टायरवर हायवेला जायचं नाही म्हणजे नाही.

टायरचा ब्रँड मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हा रिव्ह्यू साइजचा आहे आणि या साइजमध्ये जे मिळतात ते बहुतेक एलटी म्हणजे लाइट ट्रक प्रकारचे ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठीचे. माझ्या टायरवर 121/118 एस लिहिलंय. 121 म्हणजे एका टायरला 1450 किलो, एस म्हणजे ताशी 180 पर्यंत. कंपनीच्या टायरवर 110 होता, 1060 किलो. पण तो 1450 चा आकडा भरपूर हवा भरल्यावरचा आहे, 80 पीएसआयचा. एलटी टायरला तेच वजन उचलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, म्हणून दरवाज्यावरच्या स्टिकरवरचं प्रेशर आता तसंच्या तसं चालत नाही. मी खडूने काढलं. टायरवर या काठापासून त्या काठापर्यंत खडूची जाड रेघ ओढायची, सपाट रस्त्यावर सरळ थोडं चालवायचं आणि उतरून बघायचं. मधलाच खडू पुसला तर हवा जास्त, दोन्ही कडा पुसल्या तर कमी, सगळा सारखा पुसला तर बरोबर. रिकाम्या गाडीला माझं पुढे 36 आणि मागे 38 वर जमलं, मागे खताची पोती भरली की 45 करतो. तुमच्या टायरला वेगळं येईल, खडू दहा रुपयाचा आहे, स्वतःच करून बघा.

दुकान देवास नाक्याकडचं, नाव लिहीत नाही, पण काम चांगलं केलं. आधीच्या एका ठिकाणी तर 245/75 ऐकून मालक हसला आणि म्हणाला असा साइज येतच नाही. इथल्याने कॅटलॉग काढून बघितला, मागवून देतो म्हणाला, वेळ लागला पण आले. आल्यावर पाचही टायरचे चार आकडी तारखेचे शिक्के बघून घेतले, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, पाचही एकाच वर्षातले निघाले. बॅलन्सिंगला या मोठ्या टायरना वेळ लागतो, त्यातल्या एकाला मशीनवर वजन फार मागत होतं तर पोराने स्वतःहून टायर रिमवर अर्धा फिरवून परत चढवला आणि वजन निम्म्यावर आलं. मी काही न सांगता केलं हे त्याने, फार बरं वाटलं. नट गनने घट्ट मारू दिले नाहीत, टॉर्क रेंचने कसून घेतले, आणि शंभरेक किलोमीटर चालवून परत तपासले. अलाइनमेंट पण लगेच करून घ्या.

पाच टायर लिहिलंय ते बघितलं ना? स्टेपनी पण त्याच साइजची पाहिजेच. व्ही-क्रॉसचं फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, मधे डिफरन्शियल नाही, चिखलात एक टायर पंक्चर झाला आणि तिथे जुना 763 चा लावून फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर देणारा मोड) चालवलं तर पुढचा-मागचा हिशोब जुळत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर पोचवणारा गिअरचा डबा) येतो. स्टेपनी ट्रेखाली साखळीवर बसली, घट्ट बसली पण बसली. खर्च पाच टायरचा लाखाच्या थोडा आत गेला, स्वस्त नाहीये हे.

घासतं का, तर पुढे जाताना स्टिअरिंग पूर्ण कापलं तरी नाही. रिव्हर्समध्ये पूर्ण कापून एक चाक खड्ड्यात असेल तर डाव्या मडफ्लॅपला हलकं लागायचं, फ्लॅपचा खालचा स्क्रू काढून तो मागे ओढून परत बसवला, संपलं. लायनर आणि टायरमध्ये दोन बोटं जागा राहते आणि आपल्याकडे हे फार कामाचं आहे, कारण माळव्याची माती त्या फटीत जाऊन भरते आणि वाळली की सिमेंट होते. रुंद टायरवाल्या एका मित्राची गाडी याच रस्त्यावर आली होती, आम्ही पहार घेऊन व्हीलआर्चमधून माती काढत बसलो होतो.

आता तोटे, कारण आहेतच. टायर जड आहेत, एक उचलून बघितला की कळतं. परिघ 4.7 टक्के वाढला म्हणजे सगळे गिअर तेवढे लांब झाले. या इंजिनाचा जोर 1800 आरपीएमच्या वर येतो, त्यामुळे भेरू घाटात ट्रकच्या मागे अडकलं की जिथे पूर्वी तिसऱ्यात निघायचं तिथे आता दुसरा टाकावा लागतो. मानपूरच्या चढावर पाचवा लवकर सोडावा लागतो. सपाट हायवेला उलट बरं, इंजिन शांत चालतं. ब्रेकला पण चाक मोठं झाल्याचा फरक पडतो, आणि ऑल टेरेन रबर ओल्या डांबरावर कंपनीच्या टायरएवढं पकडत नाही, पावसात अंतर वाढवा. सत्तरच्या पुढे हलकी घूं सुरू होते, आईला मागच्या सीटवर ती जाणवते, मला गाणी लावली की नाही जाणवत. खड्डे मात्र फार छान घेतो, बाजूची भिंत 166 वरून 184 मिलिमीटर झाली ना.

मायलेज काढताना सावध राहा. ओडोमीटर आता कमी दाखवतो, खरे 1000 किलोमीटर झाले की तो 955 दाखवतो, आणि लोक तेवढ्यावरच भागाकार करून मायलेज पडलं म्हणून ओरडतात. मी हायवेच्या किलोमीटरच्या दगडांवर जुळवून घेतलं, दुरुस्ती करून लिटरमागे किलोमीटरभरापेक्षा थोडं कमी नुकसान आहे. सर्व्हिस पण 10,000 ची असेल तर काटा 9,550 ला आला की करून टाका. स्पीडोमीटरचं म्हणाल तर कंपनीचा काटा आधी थोडा पुढेच दाखवायचा, आता फोनच्या जीपीएसशी जवळपास जुळतो.

कायद्याचं कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. मोटर वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल असा आहे की गाडी कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी करता येत नाही. 245/75 कंपनीच्या यादीत नाही. मी इन्शुरन्सवाल्यांना ईमेल करून लेखी उत्तर घेऊन ठेवलंय, तुम्ही टायर घ्यायच्या आधी घ्या, तोंडी "हो चलेगा" वर जाऊ नका.

आणि भर पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये, सोयाबीनच्या वावरातून गाडी घालायचा विचार असेल तर हाही टायर नाही चालणार. खोल काळ्या मातीत खाली कडक जमीन लागतच नाही, बारीक टायर कापत जातो तो जातोच. तिथे ट्रॅक्टरच न्या. माझा रस्ता वरून चिखल आणि खाली मुरूम असा आहे, म्हणून मला हा टायर इतका लागू पडला. महूहून जाम गेटच्या बाजूला, जानापावला, चोरलच्या आतल्या रस्त्यांना पण खाली दगड-मुरूम लागतो, तिथे बिनधास्त. फक्त सिटीत आणि उज्जैन-भोपाळ हायवेला चालवणाऱ्यांनी कंपनीचेच टायर ठेवावेत, पैसे वाचतील आणि आवाजही नाही.

235/80 आर17 पण असतो, 808 मिलिमीटर उंच आणि आणखी 10 मिलिमीटर बारीक, मला खरं तर तोच हवा होता पण इंदूरात कोणी मागवून द्यायला तयार झालं नाही. कोणी स्टॉक व्ही-क्रॉसला किंवा टोयोटाच्या हायलक्सला टाकला असेल तर स्टेपनी खाली बसते का आणि रिव्हर्सला कुठे लागतो का तेवढं नक्की सांगा, पुढचा सेट तोच घ्यायचा आहे.